कोण्णूरजवळ बंद पडलेली गाडी

दाक्षायणीच्या गाडीची वॉरंटी मार्चमध्ये संपली आणि मे महिन्यात गाडी भर रस्त्यात बसली.

गाडी म्हणजे तिचं दुकान होतं. इलकलच्या विणकरांकडून लुगडी उचलायची, गुळेदगुड्डहून खण घ्यायचे, डिकीत जुनी चादर अंथरून त्यावर सगळं नीट रचायचं आणि हुबळी-धारवाडातल्या ओळखीपाळखीच्या घरी नेऊन घडी मोडून दाखवायचं. गिऱ्हाइकं तिला दाक्षायणक्का म्हणत. "अक्का, तुमची गाडी दारात दिसली की आमचे हे मागच्या दारानं पळतात," अशी चेष्टा करत आणि लुगडं मात्र घेत.

शेजारच्या सीटवर तिचा नवरा ईरण्णा असायचा. सूतगिरणी बंद पडली तेव्हा तो तिथे हजेरी लावणारा कारकून होता. त्यानंतर त्याला दुसरी नोकरी लागली नाही, की त्यानं लावून घेतली नाही, यात दाक्षायणी कधी खोलात शिरली नव्हती. तो गाडी चालवत नसे, चालवणारीला सांगत मात्र असे. "हॉर्न दे." "ट्रक येतोय." "म्हैस आहे." म्हैस ती केवढी, कुणालाही दिसेल. पण आपण सांगितल्याशिवाय ती रस्त्यातून हलायची नाही, असा त्याचा समज होता. दाक्षायणी "हं" म्हणायची आणि चालवत राहायची. इतक्या वर्षांत तिच्या कानांनी त्याच्यासाठी एक वेगळं दार करून ठेवलं होतं. आत आलेलं बोलणं तिथूनच परस्पर बाहेर जायचं.

त्या दिवशी इलकलहून निघायलाच उशीर झाला. धारवाडला देसायांकडे लग्न होतं, व्याहीभेटीची लुगडी संध्याकाळपर्यंत पोचवायची होती. केरूर सोडलं, कुळगेरी क्रॉस मागे पडला आणि समोरच्या काचेखाली तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लुकलुकला. लागला, विझला, पुन्हा लागला.

"लाल लागलाय," ईरण्णा म्हणाला.

"दिसतंय."

"थांब मग."

"थांबते."

ती थांबली नाही. दोन्ही बाजूंना काळी रानं पडलेली, नांगरून उघडी टाकलेली, नजर जाईल तिथवर झाड नाही. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि मागून एकामागून एक ट्रक. बाहेर हवा तव्यावरून आल्यासारखी येत होती. तिनं वेग कमी केला आणि पुलाजवळची झाडं गाठू या असं मनाशी ठरवलं. कोण्णूरला मलप्रभेचा पूल, त्याच्या अलीकडे चिंचा आहेत, खाली चहाची टपरी आहे.

"अगं, थांब म्हणतो ना!"

"गप्प बसा हो जरा."

चिंचा समोर दिसत होत्या. तेवढ्यात इंजिनात कुणीतरी हातोडी घेऊन बसल्यासारखा आवाज सुरू झाला, मग एकच मोठा दणका, आणि गाडी मेली. तिनं ती कशीबशी खडीच्या ढिगाला टेकवली. चिंचांची सावली अजून हाकेच्या अंतरावर होती. ईरण्णाला दाराबाहेर काढून, डोक्यावर ओला रुमाल देऊन, दंडाला धरून ती तिथपर्यंत चालत गेली. नंतर लुगड्यांचे गठ्ठे आणायला एकटी परत आली. गाडीखाली काळं तेल डांबरावर पसरत होतं. ती त्याकडे नुसती बघत उभी राहिली. त्या वेळी तिला वाईट वाटलं नाही, राग आला नाही. आपल्याला आता खूप काम पडणार आहे, एवढंच तिला कळलं.

टो करणारी गाडी यायला दिवस मावळतीला लागला. लुगडी टपरीवाल्याच्या ओळखीच्या जीपमधून धारवाडला गेली.

*

हुबळीत गोकुळ रस्त्याला कंपनीचं वर्कशॉप होतं. बाहेरून काच, आत गारवा, गिऱ्हाइकांसाठी सोफे, कॉफीचं यंत्र. गौडर नावाचा सर्व्हिसचा माणूस दाक्षायणीच्या ओळखीचा होता. दर वेळी गाडी तोच घ्यायचा. त्याच्या बहिणीच्या लग्नाला दाक्षायणीनंच लुगडी दिली होती.

त्यानं इंजिन उघडायला लावलं आणि दोन दिवसांनी फोन केला. ती गेली तेव्हा तो तिला आत घेऊन गेला नाही. सोफ्यावर बसवून कॉफी आणून दिली. तिथेच तिला समजलं.

"अक्का, ऑइलचा पंप गेला. तेल वर चढलंच नाही. कोरडं फिरून फिरून क्रँक जाम झाला, आतलं सगळं एकमेकाला खाऊन बसलंय."

"दुरुस्त होईल?"

"इंजिनच बदलायला लागेल."

त्यानं खर्च सांगितला. दाक्षायणीनं कॉफीचा कप खाली ठेवला. चालू गाडी बाजारात उभी केली असती तर जेवढे आले असते, त्याच्या थोडंच खाली तो आकडा होता.

"पंप पाच-सहा वर्षांत जातो का रे?"

"जायला नको, अक्का."

"सगळ्या सर्व्हिसिंग तुझ्याकडेच केल्यात मी. एक चुकवली नाही."

"मला माहीत नाही का? पण वॉरंटी संपली."

"दोन महिने झाले फक्त."

"दोन दिवस झाले असते तरी हेच म्हटलं असतं कंपनीनं." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "एक मार्ग आहे. गुडविल म्हणतात त्याला. जुनं गिऱ्हाईक असेल, चूक गिऱ्हाइकाची नसेल, तर कंपनी अर्धा भार उचलते. मी लिहून पाठवतो. बेंगळुरूहून इंजिनिअर येईल, तो बघेल, चार प्रश्न विचारेल."

त्या रात्री मुलीचा, चैत्राचा फोन आला. ती बेंगळुरूत असते. "अम्मा, कशाला जीव काढतेस? विकून टाक ती गाडी, भंगारात जाऊ दे. लागेल तेव्हा टॅक्सी बोलव."

"गुळेदगुड्डला टॅक्सी बोलवू? खणाच्या किमतीपेक्षा टॅक्सी महाग होईल."

"मग धंदाच कमी कर. वय झालं आता."

"बरं," दाक्षायणी म्हणाली. तिला वाद घालायचं त्राण नव्हतं. फोन ठेवल्यावर तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि मध्येच थांबून, पिठाचे हात तसेच परातीत ठेवून, बराच वेळ बसून राहिली.

*

इंजिनिअर आला त्याचं नाव राघवन. सभ्य माणूस, बारीक चष्मा, हातावर सॅनिटायझर चोळून मग नमस्कार करणारा. तो यायच्या आधी गौडरनं दाक्षायणीला बाजूला घेतलं.

"अक्का, साहेब बाकी काही विचारोत. एक प्रश्न महत्त्वाचा. लाल दिवा लागल्यावर लगेच थांबवली का? तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं. पुढचं मी बघतो."

खोटं बोलायला तिला फारसं आवडत नव्हतं, पण लुगड्याच्या धंद्यात रंग पक्का आहे म्हणून शपथेवर सांगावं लागतं, तेवढं तिला जमत होतं. एका 'हो'नं अर्धा डोंगर सरकणार असेल तर म्हणू, असं तिनं ठरवलं. ईरण्णाला हे सांगायचं मात्र तिच्या डोक्यात आलं नाही. तो सोफ्यावर पेपर वाचत बसला होता, आणि तो कधी कुणा साहेबासमोर तोंड उघडेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. गिरणीतली निम्मी वर्षं त्यानं साहेब आले की फायलीत डोकं खुपसून काढली होती.

राघवननं उघडलेलं इंजिन पाहिलं, फोटो काढले, मग दोघांना केबिनमध्ये बसवलं. सर्व्हिसिंग वेळेवर झालं म्हणून कौतुक केलं. आणि विचारलं, "मॅडम, ऑइलचा दिवा लागल्यावर आपण गाडी लगेच बाजूला घेऊन बंद केली ना?"

दाक्षायणीनं तोंड उघडलं.

"मी सांगत होतो!" ईरण्णा म्हणाला.

केबिनमध्ये सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता. चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखा दिसत होता. "कुळगेरी क्रॉस सोडल्या सोडल्या सांगितलं मी, लाल लागलाय, थांब. दोनदा सांगितलं. पण माझं ऐकतंय कोण साहेब? पार कोण्णूरपर्यंत आणली तिनं. मी म्हणत होतो, हे बरं नाही."

गौडरनं डोळे मिटले.

"कोण्णूरपर्यंत," राघवन म्हणाला आणि काहीतरी टाइप केलं. "बरंच अंतर आहे."

"तर काय!" ईरण्णा म्हणाला. मग त्यानं दाक्षायणीकडे पाहिलं, आणि तो उजेड हळूहळू विझत गेला.

राघवन अपमान करणारा माणूस नव्हता. त्यानं शांतपणे समजावून सांगितलं की पंप बिघडणं वेगळं आणि दिवा लागूनही चालवत राहणं वेगळं, अशा वेळी कंपनीचे हात बांधलेले असतात, आपल्याला फार वाईट वाटतं. दाक्षायणीनं मान हलवली. उठताना तिनं त्याला नमस्कारही केला.

*

घरी जायला सिटी बस पकडली. ईरण्णा खिडकीशी, ती बाजूला. बरेच स्टॉप गेले.

"मी खरं तेच बोललो," तो अखेर म्हणाला.

"हो."

"खोटं बोलायला हवं होतं का?"

"उभ्या आयुष्यात एकदा तुमचं बरोबर निघालं," ती म्हणाली, "आणि ते सांगायला तुम्हाला तीच जागा सापडली."

समोरच्या सीटवरची बाई मागे वळून पाहायला लागली. दाक्षायणीला त्याचंही काही वाटलं नाही.

"थांबायला काय झालं होतं तुला? इतका जीव तोडून सांगत होतो."

"कुठे थांबायचं होतं? त्या रानात?" तिचा आवाज चढला नाही, चढवायलाही जोर लागतो. "मागच्या उन्हाळ्यात केरूरच्या स्टँडवर चक्कर येऊन पडलात, विसरलात? आणि त्या दिवशीही रक्तदाबाची गोळी घेऊन बसला होतात. तिथे गाडी बंद केली असती तर गारवा बंद, एक झाड नाही, आणि मदत येईस्तोवर तुम्हाला घेऊन मी कुठे बसणार होते? चिंचा गाठू म्हटलं. बस्स."



ती जे बोलली ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. दिवा विझला होता तेव्हा तिच्या मनात देसायांची लुगडीही होती. चालतेय ना, मग चालू दे, असंही वाटलं होतं. पण हे त्याला सांगायची तिला गरज वाटली नाही. तेवढं स्वतःकडे ठेवायचा हक्क तिनं कमावला होता.

"हे तू साहेबाला का नाही सांगितलंस?" बस थांबल्यावर त्यानं विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही वाव ठेवला नाही."

*

मग बसचे दिवस सुरू झाले. लग्नसराई थांबत नव्हती आणि विणकरांना आगाऊ दिलेलं होतं, तेव्हा माल उचलणं भाग होतं. दाक्षायणी पहाटेच्या बसनं जायची, गठ्ठे टपावर टाकायला कंडक्टर कुरकुरला की त्याला अमीनगडच्या करदंटाची वडी देऊन गप्प करायची, आणि परत येताना जागा मिळाली नाही तर दाराजवळच्या दांडीला धरून उभी राहायची. गुडघे सुजले. धारवाडच्या पेठेतून घराघरांत पायी जाताना ती दोन लुगडी कमीच नेऊ लागली, आणि दोन कमी नेली की जे बाईला हवं असायचं ते नेमकं घरी राहिलेलं असायचं.

पहिल्या फेरीलाच ईरण्णा न सांगता चपला घालून उभा राहिला. "गठ्ठा दे इकडे," म्हणाला.

"तुम्हाला जमायचं नाही."

"गिरणीत सुताची बोचकी काय तू उचलत होतीस?"

"तुम्ही तरी कुठे उचलत होतात? तुम्ही हजेरी लावायचात."

पण तो आला. हळूहळू चालायचा, दर कोपऱ्यावर थांबायचा, कुणाच्या पायरीवर बसून पाणी मागायचा. गिऱ्हाइकांना तो मोठा गमतीचा वाटायचा. एकदा लुगडं अंगाला लावून एक सूनबाई "कसं दिसतंय?" म्हणाली, तेव्हा तो गंभीरपणे "म्हैस नाही दिसत" असं म्हणाला. त्याला म्हणायचं होतं की जाड दिसत नाही. सून हसून हसून लोळली आणि तिनं लुगडं घेतलं. दाक्षायणीला मात्र हसू आलं नाही. ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोलत होती: जेवायला या, गोळी घ्या, किल्ली कुठे आहे.

ज्या दिवशी फेरी नसे त्या दिवशी तो सकाळीच बाहेर पडायचा. "वाचनालयात जाऊन येतो." जेवायच्या वेळेपर्यंत यायचा नाही. नजरेसमोर नाही हे बरंच, असं तिला वाटायचं.

वर्कशॉपमधून फोन येऊ लागले. गाडी किती दिवस ठेवणार, जागा अडते, यापुढे जागेचं भाडं लागेल. गदगचा दस्तगीर नावाचा जुन्या गाड्या घेणारा माणूस होता, त्याला तिनं विचारलं. तो फोनवर म्हणाला, "अक्का, इंजिन गेलेली गाडी म्हणजे पत्रा आणि सीटा. पण तुम्ही आहात म्हणून भंगारापेक्षा वरचढ देतो." त्यानं सांगितलेली रक्कम ऐकून तिला गाडी घेतली तो दिवस आठवला नाही, की रडू आलं नाही. संपेल एकदाचं, असं वाटलं. ती "या" म्हणाली.

*

दस्तगीर टो करायची गाडी घेऊन गेटवर येणार होता. दाक्षायणी सह्या करायला आधी पोचली. गेटवरच्या पहारेकऱ्यानं तिचं आडनाव विचारलं आणि म्हणाला, "कुंदगोळ? म्हणजे अज्जांकडच्या का तुम्ही? आहेत की आत. आज लवकर आलेत."

"कोण अज्जा?"

"ते नाही का, सोफ्यावरचे."

काचेतून तिला ईरण्णा दिसला. धुतलेला पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात कॉफी. यंत्राजवळ उभ्या असलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाला तो काहीतरी समजावून सांगत होता आणि ते गिऱ्हाईक सुटायची वाट बघत होतं.

गौडर लगबगीनं बाहेर आला. "अक्का, बरं झालं आलात. रोज येतात हो! म्हणजे, एक दिवसाआड तरी. साहेब बेंगळुरूहून आले की त्यांच्या केबिनसमोर बसतात. काही भांडत नाहीत, ओरडत नाहीत. नुसतं म्हणतात, 'एवढं लिहून घ्या की तिनं आजारी माणसाला उन्हात ठेवायचं नाही म्हणून गाडी सावलीकडे नेली. माझं बोलणं तुम्ही लिहिलंत, मग हेही लिहा.' साहेब म्हणाले, 'काका, आमच्या कॉम्प्युटरमध्ये सावलीसाठी जागा नाही.' तर म्हणाले, 'मग जागा होईपर्यंत मी बसतो.'"

दाक्षायणीनं काचेतून पुन्हा आत पाहिलं. साहेब आले की फायलीत डोकं घालणारा हा माणूस.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि काल उत्तर आलं." गौडरनं इकडेतिकडे पाहिलं. "नवीन इंजिनाच्या किमतीत कंपनी चांगला भाग उचलते. मजुरी आमची. अर्धं नाही, पण अर्ध्याच्या जवळ. तुम्हाला आज फोन करणारच होतो."

"यांच्यामुळे?"

गौडर जरा घुटमळला. मग तिला दाराआड घेऊन म्हणाला, "अक्का, तुमच्यापाशी खोटं बोलत नाही. त्याच पंपाच्या आणखी गाड्या आल्यात, गदगहून एक, दावणगेरेहून दोन. वरती कळलंय. ज्यांनी अर्ज केलेत त्यांना हळूच काही ना काही देऊन गप्प करायचं चाललंय. काकांनी रोज येऊन आमचं डोकं खाल्लं त्याचा उपयोग एवढाच, की तुमचा अर्ज बंद करायचा राहून गेला. पण मी हे बोललो नाही हं. नोकरी जाईल."

"तू काही बोलला नाहीस," दाक्षायणी म्हणाली.

ती आत गेली. ईरण्णानं तिला पाहिलं आणि कप लपवावा की ठेवावा अशा घोटाळ्यात तो अर्धवट उठला.

"वाचनालय इथे हलवलं का?" तिनं विचारलं.

"इथे पेपर येतात," तो म्हणाला. "फुकट."

ती त्याच्या शेजारी सोफ्यावर बसली. पाय दुखत होते, आणि सोफा मऊ होता. गारव्यात बसून तिच्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत आपण नुसतं म्हणून कुठे बसलोच नाही.

"गौडर म्हणतोय, कंपनी पैसे देते. सगळे नाही, पण बरेच."

ईरण्णानं तिच्याकडे पाहिलं. "लिहिलं त्यांनी? सावलीचं?"

आता सांगता आलं असतं. दावणगेरेच्या गाड्या, पंप, वरचे लोक, सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. बसमधलं तिचं ते बोलणं अजून दोघांच्या मधोमध पडून होतं. तिनं त्याच्या कपाळाकडे पाहिलं. घामानं विभूती भुवयांवर उतरली होती. पदरानं ती तिनं पुसली नाही, लोक होते. पण आवाज मात्र बऱ्याच दिवसांनी पहिल्यासारखा आला.

"लिहिलं म्हणे."

"मग!" तो म्हणाला. कॉफीचा घोट घेतला. "मी राघवनला म्हटलं होतं, माणसासारखा माणूस आहेस तू, लिहिशील."

बाहेर दस्तगीर हॉर्न वाजवत होता. दाक्षायणी उठून गेटवर गेली. टो गाडीच्या खिडकीतून तो म्हणाला, "अक्का, चला, माझा दिवस जातोय."

"तुमचा आजचा फेरा फुकट गेला, भाऊ. नाही विकत."

"अहो, फोनवर हो म्हणालात!"

"म्हटलं होतं. इथपर्यंतचं डिझेल मी देते, चहा पण घ्या. पण गाडी नाही देत."

दस्तगीरनं तोंड वाकडं केलं, डिझेलचे पैसे मोजून घेतले आणि जाता जाता म्हणाला, "या गाडीत इतकं टाकताय त्यात माझ्याकडनं दोन जुन्या घेतल्या असत्या."

"त्या पण बंद पडल्या असत्या," ती म्हणाली. त्यालाही हसू आलं.

उरलेल्या रकमेसाठी हातातल्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवाव्या लागल्या. चैत्राला कळलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ बोलली. दाक्षायणी फोन कानाला लावून शेंगांची चटणी कुटत राहिली.

*

इंजिन यायला आणि बसायला पाऊसकाळ निम्मा सरला. गाडी घ्यायला गेले तेव्हा वर्कशॉपमधल्या मुलींनी झेंडूचा हार आणला होता. नव्या गाडीला घालतात तसा हिलाही घालून फोटो काढायची त्यांची पद्धत होती. हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली द्यायला निघाल्या.

"नको गं बायांनो," दाक्षायणी म्हणाली. "जुनीच आहे."

"असू दे की," ईरण्णा म्हणाला, आणि पुठ्ठ्याची किल्ली धरून बोनेटसमोर उभा राहिला. नाइलाजानं ती त्याच्या बाजूला गेली. फोटोत तिचे डोळे मिटलेले आले. गौडरनं पुन्हा काढू या म्हटलं, तर ती म्हणाली, राहू दे, हाच बरा आहे, झोपलेली तरी दिसते.

निघताना गौडरनं बजावलं, "अक्का, नवं इंजिन आहे. सुरुवातीला दामटायची नाही. साठ-सत्तरच्या वर न्यायची नाही, एकदम पिकअप मारायचा नाही. आत सगळं एकमेकाच्या सवयीचं व्हायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी ती दोघं इलकलच्या रस्त्याला लागली. नवलगुंद सोडलं. रानं हिरवी झाली होती, मूग फुलावर होता. मागून ट्रक येत, हॉर्न देत, पुढे निघून जात. एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या बायका मागे वळून हसल्या. मग शाळेची एक पिवळी गाडी गेली. दाक्षायणी डाव्या कडेनं चालवत राहिली. पाटल्या सुटायला दोन लग्नसराया लागतील, गुडघ्याला तेल लावून घ्यायला हवं, विणकर भाव वाढवून मागतील, हे सगळं डोक्यात एकामागून एक येत होतं आणि ती त्यांनाही त्या ट्रकांसारखं पुढे जाऊ देत होती.

ईरण्णाची मान खिडकीला टेकली होती. तो झोपला होता. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता. तिनं काच थोडी वर घेतली, त्याच्या तोंडावर वारा येऊ नये म्हणून, आणि नरगुंदचा डोंगर दिसू लागला तसा गिअर सावकाश बदलला.